अविकारी कॉन्फिगरेशन आणि बिल्डर पॅटर्न
(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन)

बिल्डर म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर फ्लॅट आणि पार्किंग येते. आजचा बिल्डर सॉफ्टवेअरमधला आहे. तरी दोघांत एक साम्य आहे. बांधकाम चालू असताना भिंत इकडची तिकडे करता येते. लोक राहायला आल्यावर मात्र कुणी रात्रीतून भिंत सरकवलेली चालत नाही. आज आपण एवढेच पाहणार आहोत: प्रोग्रॅमची सेटिंग्ज कधीपर्यंत बदलू द्यायची, कधी पक्की करायची आणि त्यासाठी बिल्डर पॅटर्न कसा वापरायचा.

अविकारी म्हणजे काय

शाळेत आपण शब्दांच्या जाती शिकलो. घोडा, घोडे, घोड्याला असे रूप बदलणारे शब्द विकारी. 'आणि', 'परंतु' हे अविकारी. वाक्यात कुठेही टाका, रूप तेच. इंग्रजीत ज्याला 'इम्युटेबल ऑब्जेक्ट' म्हणतात, त्याला आम्ही अविकारी वस्तू म्हणतो. ती एकदा तयार झाली की तिच्या आतली कोणतीही किंमत बदलत नाही. वेगळी किंमत हवी असेल तर नवी वस्तू करायची. जुनी आहे तशी राहते.

वाईकरांना याचे उदाहरण गावातच मिळेल. मराठी विश्वकोशाचे काम वाईत उभे राहिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे मुख्य संपादक होते आणि पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. कोणत्याही कोशाच्या नोंदीचा प्रवास बघा. आधी मजकूर कच्चा असतो. लेखक लिहितो, तज्ज्ञ तपासतो, संपादक कापतो, मुद्रितशोधक चुका काढतो. या काळात बदल करायचे नाहीत तर कधी करायचे? पण खंड छापून बाहेर पडला की पान पक्के झाले. नागपूरचा वाचक आणि कोल्हापूरचा वाचक तेच पान उघडतो आणि त्याला तोच मजकूर दिसतो. चूक सापडली तर शुद्धिपत्र निघते, नवी आवृत्ती निघते. कपाटातल्या प्रतीतले अक्षर मात्र आपोआप बदलत नाही.

कच्चा मजकूर म्हणजे बिल्डर, छापलेला खंड म्हणजे अविकारी वस्तू आणि मधला 'छापायला हरकत नाही' हा शेरा म्हणजे बिल्डरची शेवटची पायरी. या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे, हा या पॅटर्नचा गाभा.

एक उदाहरण घेऊ

वाईच्या घाटावरून जाणारे कृष्णेचे पाणी पुढे सांगलीला पोचते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ नदीची पातळी फुटांत मोजतात. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे आकडे सांगलीकरांना तोंडपाठ आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना तर ते विसरताच येणार नाहीत.

समजा, आपण एक छोटा प्रोग्रॅम लिहितोय. दर पंधरा मिनिटांनी पातळी वाचायची आणि ती ठरलेल्या मर्यादेवर गेली की यादीतल्या मोबाइलवर संदेश पाठवायचा. (ही शिकवण्यापुरती कल्पना आहे. सरकारी यंत्रणेचे वर्णन आम्ही करत नाही.) याला सेटिंग्ज किती लागतील? ठिकाण, एकक, इशारा पातळी, धोका पातळी, दोन वाचनांतले अंतर, संदेश गेला नाही तर किती वेळा पुन्हा प्रयत्न, किती सेकंद वाट पाहायची, मोबाइल क्रमांकांची यादी आणि रात्रीही संदेश पाठवायचा की नाही. नऊ झाली. हे सगळे मिळून झाले आपले कॉन्फिगरेशन.

पहिला मार्ग: सगळे एका दमात

सरळ मार्ग म्हणजे कन्स्ट्रक्टरला नऊच्या नऊ किमती देणे.

कॉन्फिगरेशन("आयर्विन पूल", फूट, ४०, ४५, १५, ३, ३०, यादी, खरे)

आता सांगा, यातले ३ म्हणजे काय आणि ३० म्हणजे काय? लिहिणाऱ्याला आज आठवते, सहा महिन्यांनी त्यालाही आठवणार नाही. त्याहून वाईट म्हणजे ४० आणि ४५ ची अदलाबदल झाली तर कंपायलर चकार शब्द काढत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही फक्त आकडे.

मग काही जण वेगवेगळे कन्स्ट्रक्टर लिहितात: चार किमतींचा एक, पाचांचा एक, सहांचा एक. दुर्बिणीच्या नळ्या एकातून एक निघाव्यात तसे. त्याला 'टेलिस्कोपिंग कन्स्ट्रक्टर' असेच नाव आहे. वाचायला ते तितकेच अवघड.

दुसरा मार्ग: सेटर

दुसरा मार्ग आपल्यापैकी बहुतेकांनी वापरलेला आहे. रिकामी वस्तू करायची आणि मग एकेक किंमत भरायची: एकक ठेवा, इशारा पातळी ठेवा, धोका पातळी ठेवा. प्रत्येक किमतीला नाव मिळाले, वाचायला छान झाले. पण खरी अडचण इथेच सुरू होते, म्हणून इथे जरा थांबू.

प्रोग्रॅम चालू आहे. कुणीतरी ठरवले की आता फुटांऐवजी मीटर वापरायचे. ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर, ४५ फूट म्हणजे १३.७२ मीटर. बदल करणारा कोड तीन ओळींचा: पहिल्या ओळीत एकक मीटर, दुसरीत इशारा पातळी १२.१९, तिसरीत धोका पातळी १३.७२. तिन्ही ओळी बरोबर आहेत.

पण पहिली ओळ झाली आणि तिसरी व्हायची आहे, नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने पातळी वाचली. नदीत पाणी आहे ४६ फूट. प्रोग्रॅमने एकक पाहिले, मीटर दिसले, म्हणून ४६ फुटांचे १४.०२ मीटर केले. मग धोका पातळी पाहिली. ती अजून ४५ च आहे. १४.०२ हे ४५ पेक्षा लहान. निष्कर्ष: धोका नाही. संदेश गेला नाही आणि पुढचे वाचन थेट पंधरा मिनिटांनी.

नंतर कुणी चौकशी केली तर कॉन्फिगरेशनमध्ये सगळे आकडे बरोबर दिसतात. मीटर, १२.१९, १३.७२. चूक जगली फक्त काही मायक्रोसेकंद आणि मागे पुरावा ठेवला नाही. चाचणीत हजार वेळा चालवून बघा, ती पुन्हा दिसेलच याची खात्री नाही. असा दोष शोधणाऱ्याची रात्र जाते.

इथे कुणी म्हणेल, लॉक लावा. लॉकने हे थांबते, मान्य. पण मग वाचणाऱ्या प्रत्येक ठिकाणी लॉक घ्यायची आठवण ठेवावी लागते. वीस ठिकाणी आठवण राहिली आणि एकविसाव्या ठिकाणी विसरली की पुन्हा तेच. अविकारी वस्तूला ही आठवण लागत नाही. जे बदलतच नाही ते अर्धवट बदललेले दिसणार कसे?

सेटरची आणखी एक खोड आहे. वस्तू पूर्ण भरली की नाही हे तिला स्वतःला कळत नाही. धोका पातळी भरायची राहिली आणि भाषेने तिथे शून्य ठेवले तर? उन्हाळ्यात नदी आटलेली असतानाही धोक्याचे संदेश जातील. चार खोटे संदेश आले की लोक पाचवा खरा वाचत नाहीत.

तिसरा मार्ग: बिल्डर

आता बिल्डर. यात दोन वर्ग असतात. एक बिल्डर, ज्यात किमती भरता येतात. दुसरा कॉन्फिगरेशन, ज्यात सेटर एकही नाही.

आयर्विन = कॉन्फिगरेशन.बिल्डर()
.ठिकाण("आयर्विन पूल")
.एकक(फूट)
.इशारापातळी(४०)
.धोकापातळी(४५)
.वाचनअंतर(१५)
.क्रमांक(यादी)
.पक्के()

जाता जाता: जावा आणि पायथन ३ मध्ये अशी देवनागरी नावे खरोखर चालतात. आकडे आणि भाषेचे राखीव शब्द मात्र इंग्रजीच लिहावे लागतात.

प्रत्येक पायरी बिल्डरच परत देते, म्हणून साखळी तयार होते. क्रम कोणताही चालतो. जे दिले नाही त्याला डिफॉल्ट. शेवटच्या 'पक्के' या पायरीवर तपासणी होते आणि सगळे ठीक असेल तरच कॉन्फिगरेशन जन्माला येते. त्याचा कन्स्ट्रक्टर खाजगी ठेवायचा, म्हणजे तपासणी चुकवून मागच्या दाराने कुणी वस्तू करू शकत नाही.

इतिहासाचे दोन शब्द. बिल्डर हे नाव १९९४ च्या डिझाइन पॅटर्न्स या प्रसिद्ध पुस्तकातले. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस हे त्याचे चार लेखक. त्यांचा रोख थोडा वेगळा होता: बांधण्याची प्रक्रिया एकच ठेवून तिच्यातून वेगवेगळ्या प्रकारची वस्तू काढता यावी. आपण आज पाहतोय ते साखळीचे रूप जोशुआ ब्लॉक यांच्या इफेक्टिव्ह जावा या पुस्तकाच्या २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीने घरोघरी पोचवले. दोन्हींना नाव एकच असल्याने विद्यार्थी गोंधळतात, म्हणून हे सांगितले.

'पक्के' करताना काय तपासायचे

सगळे महत्त्व या पायरीला आहे. आम्ही चार गोष्टी पाहतो.

पहिली, आवश्यक किंमत दिली आहे का. त्यासाठी बिल्डरमध्ये 'दिलेच नाही' आणि 'शून्य दिले' हे वेगळे ओळखता आले पाहिजे. सुरुवातीला शून्य नव्हे, रिकामे ठेवा.

दुसरी, डिफॉल्ट कशाला द्यायचे. वाचनाचे अंतर कुणी दिले नाही तर पंधरा मिनिटे धरा, बिघडत नाही. धोका पातळीला मात्र डिफॉल्ट देऊ नका. ती प्रत्येक ठिकाणची वेगळी असते. नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होऊ नये. सकाळी दहा वाजता ऑफिसात सगळे जागे असताना बंद पडलेला प्रोग्रॅम परवडतो. पुराच्या रात्री गप्प बसलेला परवडत नाही.

तिसरी, किमतींचे आपसांतले नाते. इशारा पातळी धोका पातळीपेक्षा कमी हवी. वाट पाहण्याचे सेकंद गुणिले पुन्हा प्रयत्नांची संख्या, हा वेळ दोन वाचनांतल्या अंतरात बसला पाहिजे. सेटर एका वेळी एकच किंमत पाहतो, त्यामुळे तिथे ही तपासणी जमत नाही. बिल्डरपाशी सगळे पान समोर असते.

चौथी, सगळ्या चुका एकदम सांगा. पहिली चूक दिसली की थांबायचे, ती दुरुस्त केली की दुसरी दाखवायची, असा छळ करू नका. यादी करा आणि एकाच संदेशात द्या. 'चुकीचे कॉन्फिगरेशन' एवढे म्हणू नका. 'इशारा पातळी ४५, धोका पातळी ४०. इशारा पातळी कमी हवी' असे स्पष्ट लिहा.

मागचे दार उघडे राहते ते यादीतून

आता एक बारीक जागा. समजा कॉन्फिगरेशनमध्ये सेटर नाही आणि सगळी फील्ड 'फायनल' आहेत. झाले का अविकारी? नाही. क्रमांकांची यादी आठवा. बिल्डरला जी यादी दिली तीच आत ठेवली, तर ती देणाऱ्याच्या हातातही राहते. त्याने नंतर ती रिकामी केली की आपल्या कॉन्फिगरेशनमधलीही रिकामी. 'फायनल' याचा अर्थ, हे फील्ड दुसऱ्या यादीकडे बोट दाखवणार नाही. यादीच्या आत काय घडते, याची हमी त्यात नाही.

उपाय सोपा: पक्के करताना यादीची स्वतंत्र, न बदलणारी प्रत करा. जावा १० पासून त्यासाठी 'लिस्ट.कॉपीऑफ' आहे. आधी प्रत करा आणि मग त्या प्रतीवर तपासणी चालवा. उलट केले तर तपासणी आणि प्रत यांच्यामध्ये कुणीतरी यादी बदलू शकते.

'फायनल'चा आणखी एक फायदा जावावाल्यांनी लक्षात ठेवावा. २००४ च्या जावा ५ पासून भाषेची हमी अशी आहे की वस्तू पूर्ण बांधून झाल्यावर ती दुसऱ्या थ्रेडच्या हाती पडली, तर त्याला फायनल फील्डच्या योग्य किमतीच दिसतात. अट एकच: बांधकाम चालू असताना वस्तूने स्वतःचा पत्ता बाहेर कुणाला देऊ नये.

मग बदलायचे कसे

हा प्रश्न दर वेळी येतो. अविकारी म्हणजे सेटिंग कधीच बदलायचे नाही का? बदलायचे. पण नव्या आवृत्तीसारखे.

चालू कॉन्फिगरेशनकडून त्याच किमतींनी भरलेला बिल्डर मागून घ्यायचा. त्यात एकक मीटर, इशारा १२.१९, धोका १३.७२ असे बदल करायचे. पक्के करायचे. तपासणीत नापास झाले तर जुने चालूच राहते, काही बिघडत नाही. पास झाले तर 'चालू कॉन्फिगरेशन कोणते' हे दाखवणारा एकच निर्देश नव्याकडे वळवायचा. ही एकच कृती, ती एका झटक्यात होते. जावात तो निर्देश 'व्होलाटाइल' ठेवा किंवा 'अॅटॉमिकरेफरन्स' वापरा.

आता मघाचा प्रसंग पुन्हा बघा. वाचणाऱ्या थ्रेडला एकतर जुने सगळे दिसेल, फूट आणि ४५, किंवा नवे सगळे, मीटर आणि १३.७२. ४६ फूट पाणी दोन्हींत धोक्याच्या वरच. संदेश जातोच.

वाचणाऱ्यानेही एक पथ्य पाळायचे. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला निर्देश एकदाच घ्यायचा आणि ती फेरी पूर्ण होईपर्यंत तीच वस्तू वापरायची. एकक विचारताना एकदा आणि पातळी विचारताना पुन्हा निर्देश घेतला, तर जुने एकक आणि नवी पातळी अशी खिचडी होऊ शकते.

बिल्डर काय करत नाही

बिल्डरने जादू होत नाही. धोका पातळी ४५ ऐवजी कुणी ५४ लिहिली, तर ५४ ही ४० पेक्षा जास्तच आहे. तपासणीत ती पास होईल आणि चुकीची किंमत पक्की होऊन बसेल. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना पूर्ण कॉन्फिगरेशन लॉगमध्ये छापा आणि माणसाने ते वाचा. पासवर्ड मात्र छापू नका.

एककांचेही तसेच. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ च्या सप्टेंबरमध्ये मंगळाजवळ गमावले गेले. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-सेकंदात दिले आणि पुढच्या यंत्रणेने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. आकड्याला एकक चिकटलेले नसेल तर असेच होते. आपल्या बिल्डरला नुसते ४५ न देता 'फूट(४५)' अशी एकक सांगणारी किंमत दिली, तर वेगळ्या एकक फील्डची गरजच उरत नाही. हे काम बिल्डरने होत नाही, प्रकाराने होते. दोन्ही एकत्र वापरा.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही पायथन वापरतो. तिथे बिल्डर हवाच का?

उत्तर: बहुतेक वेळा नको. पायथनमध्ये नाव लिहून किंमत देता येते, कोटलिनमध्येही. म्हणजे वाचनीयतेची अडचण तिथे नाहीच. पायथन ३.७ पासून गोठवलेला 'डेटाक्लास' आहे, जावा १६ पासून 'रेकॉर्ड' आहे. पण दोन्ही वरवरचे गोठतात हं, आतल्या यादीची काळजी तुम्हालाच घ्यावी लागते. किमती वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करायच्या असतील, थोड्या फाइलमधून, थोड्या कमांड लाइनवरून, तर पायथनमध्येही बिल्डर सोयीचा पडतो.

प्रश्न: दर बदलाला नवी वस्तू, मग मेमरी नाही का वाया जात?

उत्तर: कॉन्फिगरेशन दिवसातून किती वेळा बदलतं? दोन-चार वेळा. जुनी वस्तू कुणी वापरत नसली की गार्बेज कलेक्टर उचलतो. सेकंदाला लाखो वेळा बदलणाऱ्या गोष्टीसाठी वेगळा विचार करू, पण तिला कॉन्फिगरेशन म्हणत नाहीत.

प्रश्न: एकच बिल्डर दोन थ्रेडनी वापरला तर?

उत्तर: वापरू नये. बिल्डर विकारी आहे, कच्चा मजकूर आहे. तो एकाच्याच टेबलावर असावा. पक्की झालेली वस्तू मात्र खुशाल हजार थ्रेडना द्या.

प्रश्न: आमच्या जुन्या प्रकल्पात सगळीकडे सेटर आहेत. सुरुवात कुठून करायची?

उत्तर: सेटर पुसण्यापासून करू नका, सगळं एकदम मोडेल. आधी बिल्डर लिहा, त्याच्या 'पक्के' पायरीवर तपासण्या घाला आणि नवा कोड त्याच्यातूनच वस्तू करेल असा नियम करा. मग जुने सेटर कोण बोलावतं ते शोधा. सुरुवातीला एकदाच बोलावणारे बिल्डरकडे हलवा, ते सोपे आहेत. प्रोग्रॅम चालू असताना बोलावणारे जे उरतील त्यांची वेगळी यादी करा. ती सहसा छोटी निघते आणि तुमचे न सापडणारे दोष बहुधा तिथेच असतात. त्या प्रत्येक जागी नवी वस्तू आणि निर्देशाची अदलाबदल बसवा. शेवटचा वापर संपला की सेटर काढून टाका आणि फील्ड फायनल करा. काही राहिलं असेल तर त्यानंतर कंपायलरच सांगेल.